शिवणीतली माया

माझ्याकडे मापांच्या तेवीस वह्या आहेत. पहिली १९९७ ची. लग्न होऊन मिरजेला आल्यावर वर्षभराने सासूबाईंनी त्यांचं पायमशीन माझ्या हवाली केलं. शेजारच्या काकूंचा ब्लाऊज हातात घेताना मी दोनशे पानी वहीच्या पहिल्या पानावर त्यांचं माप लिहिलं: उंची साडेतेरा, छाती चौतीस, कंबर एकोणतीस, दंड साडेदहा, मुंढा पंधरा. खाली तारीख. तारीख घालायची शिस्त सासूबाईंची. "दिवाळीचं माप लगीनसराईला चालत नाही," असं त्या म्हणायच्या.

माझं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली, लक्ष्मी मार्केटपासून चालत पाच मिनिटांवर. ब्लाऊज, पंजाबी ड्रेस, फॉल-पिको, आणि शाळा-कॉलेजं सुरू झाली की नर्सिंगच्या मुलींचे युनिफॉर्म. डॉ. वानलेस यांनी १८९४ साली इथं मिशन हॉस्पिटल काढलं, आणि पुढं मिरज ही दवाखान्यांचीच पेठ झाली. त्यामुळे माझ्या गिऱ्हाइकांत सिस्टर, आया, लॅबमधल्या मुली पुष्कळ. त्यांच्याकडून दोन शहाणपणाच्या गोष्टी आपसूक कानावर पडतात.

वह्या चाळायला बसले की बायकांचं आयुष्य इंचांत दिसतं. माझं एक जुनं गिऱ्हाईक आहे. २००३ मध्ये शालूवरच्या ब्लाऊजला कंबर सत्तावीस. २००६, बाळंतपणानंतर, एकतीस. २००९ ला अर्धा इंच कमी. २०१४ ला चौतीस, २०१९ ला छत्तीस. सोळा वर्षांत नऊ इंच. ही वहिनी खादाड नाही. एखाद्या दिवशी तिनं भरमसाट खाल्लं आणि त्यातून ती जाड झाली, असा दिवस तिला आठवणार नाही आणि मलाही वहीत सापडणार नाही. वर्षाला सरासरी अर्ध्या इंचाहून थोडं जास्त, एवढंच. तेवढं हुकाच्या ओढीतही कळत नाही.

हे मला फार पूर्वीपासून दिसत होतं, पण त्याचा अर्थ उशिरा लागला. मधे मीही त्याच वाटेनं गेले होते.

२०१६ साली मी दुसरं मशीन घेऊन त्याला मोटर बसवली. गुडघे दुखत नव्हते, काम वाढलं होतं म्हणून. त्याआधी एकोणीस वर्षं दिवसाचे पाच-सहा तास पाय चालायचे. मोटर आली, पाय थांबले, काम दुप्पट झालं, आणि चहा वाढला. गिऱ्हाईक आलं की चहा; ते पिताना आपणही अर्धा कप. दिवाळीच्या आधी रात्री बारापर्यंत बसायचं, मग भूक लागायची, मग डब्यातली शेव नाहीतर भडंग. आमच्या भागात भडंगाचा डबा रिकामा नसतोच. तीन वर्षांत माझी कंबर साडेतीसची पस्तीस झाली, वजन बासष्ट किलोचं बहात्तर.

मुलगी तेव्हा पुण्याला शिकत होती. २०१९ च्या फेब्रुवारीत ती घरी आली आणि तिनं फोनवर ॲप घालून दिलं. खाल्लेला प्रत्येक घास त्यात लिहायचा, ते कॅलरी सांगणार. मी मापाचीच बाई, मला ते पटलं. इलेक्ट्रॉनिक काटा आणला. भाकरी थापायच्या आधी पीठ तोलायचं, भाजीला तेल चमच्यानं, शेंगदाणे मोजून. झुणका लिहायला गेलं की तीन वेगवेगळे आकडे दाखवायचं. आमटीला तर आकडाच नाही, कारण माझी आमटी आज पातळ तर उद्या घट्ट. तरी अडीच महिने मी नेटानं केलं. चार किलो उतरले.

आणि एप्रिलमध्ये, ऐन लगीनसराईत, एका मोरपिशी पैठणीच्या ब्लाऊजपीसच्या दोन्ही बाह्या मी एकाच हाताच्या कापल्या. शिवणाऱ्याला कळेल ही किती मोठी चूक आहे. बाहीचा पुढचा मुंढा जास्त खोल असतो, मागचा कमी. दोन बाह्या समोरासमोर ठेवूनच कापायच्या, हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. रात्रीचे साडेदहा झाले होते, मी जेवणात राहिलेल्या दीडशे कॅलरी कशात बसवायच्या याचा हिशेब करत होते आणि कात्री चालवत होते. काठ वाया गेला. नवरीच्या आईसमोर उभं राहून ते सांगताना माझे हात थरथरत होते. कापडाचे पैसे मी भरून दिले, बाह्यांना दुसरं कापड जोडून ब्लाऊज निभावला, पण तो काठ परत आला नाही. त्या रात्री मी ॲप काढून टाकलं. दिवाळीपर्यंत चार गेलेले किलो पाच होऊन परत आले.

त्यानंतर मी वह्यांकडे नव्यानं बघितलं, आणि या वेळी वाढलेल्या नव्हे, न वाढलेल्या बायका शोधल्या. वीस-वीस वर्षं ज्यांचं माप अर्ध्या-एक इंचाच्या आत राहिलं अशा मला अकरा सापडल्या. त्यांतल्या ज्या येत होत्या त्यांना मी माप घेता घेता विचारत राहिले. एकही खाणं लिहून ठेवत नव्हती. कुणी सकाळी भाकरी खाणारी, कुणी पोहे. कुणी मटण खाणारी, कुणी माळकरी. खाण्यात त्यांचं काही जुळेना.

जुळलं ते एका निवृत्त बाईंशी बोलताना. त्या ब्राह्मणपुरीत राहतात, प्राथमिक शाळेत शिकवायच्या. बावीस वर्षं एकच मापाचा ब्लाऊज घेऊन येतात. मी विचारलं, "बाई, तुम्ही काय करता?" त्या म्हणाल्या, "काही करत नाही गं. उरलेलं खात नाही."

मी हसले नाही. मला एकदम आमचं स्वयंपाकघर दिसलं. मुलाच्या ताटातली अर्धी पोळी, पातेल्याच्या तळाशी दोन घास भात, वाटीभर आमटी. ती टाकायची कशी? अन्न आहे, पूर्णब्रह्म आहे. मग घरची बाई ते उभ्या उभ्या तोंडात टाकते आणि भांडी घासायला घेते. हे ती जेवणात धरत नाही. मीही ॲपमध्ये कधी लिहिलं नव्हतं. माझ्या मते ती आवराआवर होती. बाईंनी पुढं जे सांगितलं ते मी जन्मभर विसरणार नाही. "माझ्या आईकडे मापटं होतं. किती माणसं आहेत ते बघून तांदूळ मापट्यानं काढायची. मोजायचं ते डब्यातून काढताना. ताटात आल्यावर मोजून काय उपयोग?"

हे तर माझ्याच धंद्यातलं होतं. कापड कापायच्या आधी मोजतात. कापून झाल्यावर टेप लावून फक्त हळहळ होते.

सासूबाईंचं पितळी चिपटं माळ्यावर होतं. ते मी उतरवलं, चिंचेनं घासलं आणि तांदळाच्या डब्यात ठेवलं. आम्ही चौघं. तीन महिने रोज किती उरतं ते नुसतं बघितलं आणि चिपट्यात बोटभर, मग दोन बोटं कमी घेत गेले. उरायचं थांबलं. तेलाचंही तसंच. डॉक्टर मंडळी सांगतात, माणशी महिन्याला अर्धा लिटर तेल पुरे. म्हणजे आम्हा चौघांना पाच लिटरचा डबा अडीच महिने जायला हवा. आमचा पाच आठवड्यांत संपत होता. मी डब्यावर खडूनं, माझ्या कटिंगच्या खडूनंच, उघडल्याची तारीख लिहायला लागले. रोज चमचा मोजायला नको. तारीख बघितली की हात आपोआप आखडतो. आता डबा सव्वादोन महिने जातो.

साखरेचा हिशेब मी एकदाच केला आणि हादरले. दिवसाला सात कप, कपाला दोन चमचे, चमचा साडेचार-पाच ग्रॅमचा. महिन्याला जवळजवळ दोन किलो साखर मी एकटी पीत होते. उसाच्या पट्ट्यातली माणसं आम्ही, चहा गोड नसला तर पाहुण्याला वाटतं घरात काही बिनसलंय. मी गिऱ्हाइकांचा चहा तसाच ठेवला, माझा सकाळी एक आणि दुपारी एक, त्यातही साखर एक चमचा. बाकी वेळा पाणी नाहीतर ताक. पहिले पंधरा दिवस डोकं दुखलं.

एक आकडा मात्र मला फार उपयोगी पडला. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानानं ७,७०० कॅलरी. वर्षाच्या ३६५ दिवसांत वाटल्या तर रोजच्या एकवीस. चहातली एक चमचा साखर होते तेवढी. शरीर काही वाण्याच्या वहीसारखं काटेकोर चालत नाही, हे मला ठाऊक आहे. वजन बदललं की त्याचा खर्चही बदलतो. पण माझ्या त्या वहिनीची अर्ध्या-अर्ध्या इंचाची वाढ बघा आणि हा आकडा बघा. एवढ्या बारीक फरकाला घरगुती मोजणी पकडूच शकत नाही. दोन भाकऱ्यांच्या जाडीतला फरक त्याहून मोठा असतो. रोज मोजणाऱ्याला वाटतं आपण सगळं धरलंय, आणि जे वाढतं ते त्याच्या काट्याच्या फटीतूनच वाढतं.

मग करायचं काय? ताटात बसल्यावर थांबायचं कधी, हे कोण सांगणार? इथं मला आमच्याच गावातलं एक उदाहरण सुचतं. मिरजेची सतार आणि तानपुरा सगळीकडे जातात, २०२४ मध्ये त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. सतारमेकर गल्लीतले एक चाचा माझ्याकडून सुती दोऱ्याचं रीळ नेतात. तानपुऱ्याची जवारी काढताना घोडीवर तारेखाली तो दोरा सरकवतात. घोडी कानशीनं अगदी हलकी घासायची, तार छेडायची, दोरा केसभर मागं घ्यायचा, पुन्हा छेडायची. मी एकदा विचारलं, "चाचा, किती सरकवायचा याचं माप काय?" ते म्हणाले, "बेटी, माप कानात आहे. पण कान दहा वर्षांनी तयार झाला."

भुकेचंही तसंच आहे. ऐकू यायला वेळ लागतो. मला दुपारी चारला रोज भूक लागायची आणि मी बिस्किटं खायची. जरा लक्ष दिल्यावर कळलं की ती भूक पाठीची होती. दोनपासून वाकून बसलेली पाठ आणि काळ्या कापडावर काळा दोरा बघून शिणलेले डोळे. तेव्हा मी उठून गणेश तलावापर्यंत जाऊन यायला लागले, वीस-पंचवीस मिनिटं. परत आल्यावर खरंच भूक असेल तर उकडलेल्या शेंगा, काकडी, एखादं केळं. निम्म्या दिवशी लागत नाही. रात्रीचं जेवण साडेआठच्या आत, आणि बारापर्यंत जागून घेतलेलं काम मी सरळ बंद केलं. पैसे थोडे कमी आले. मोटर काढली नाही, पण बीडिंग, दुमड, फॉल असलं सरळ काम सासूबाईंच्या पायमशीनवरच करते. ते मशीन चालताना जो खटखट आवाज येतो तो मला आवडतोही.

ताटाचं म्हणाल तर फार बदललं नाही. ज्वारीची भाकरी, एक पालेभाजी, एक उसळ किंवा घट्ट वरण, शेंगदाण्याची चटणी, ताक. फक्त उसळ आणि भाजी आधी वाढून घेते, भात शेवटी, आणि वाटलं तरच. पौर्णिमेला नरसोबाच्या वाडीला गेलो की बासुंदी खातो. ती मी कुठंही लिहीत नाही.

आता टेपबद्दल. सातवी-आठवी वही चालू असताना एक सिस्टर माप द्यायला आल्या. मी ब्लाऊजच्या जागी, म्हणजे छातीखाली, टेप धरला तेव्हा त्या म्हणाल्या, "ताई, ही तुमची कंबर. आमची खाली." त्यांनी माझा हात धरून दाखवलं: शेवटची बरगडी आणि कुल्ल्याचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, टेप न आवळता. आपल्या लोकांत बाईची ऐंशी सेंटिमीटरच्या वर आणि पुरुषाची नव्वदच्या वर गेली की जपायचं. माझ्या टेपवर ऐंशी म्हणजे साडेएकतीस इंच. तेव्हा ऐकलं आणि सोडून दिलं. पुढं त्याच सिस्टरांनी मला पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांची गोष्ट सांगितली. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि त्यांच्या इंग्रज मित्राचा, डॉ. जॉन युडकिन यांचा, शेजारी शेजारी उभं राहून काढलेला फोटो आला. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचा सारखाच, २२.३. पण चरबी तपासली तर युडकिनांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. आपली माणसं बारीक दिसतात आणि आतून चरबी बाळगतात, असं त्यांचं म्हणणं.

मला त्यात नवल वाटलं नाही. साठ किलोच्या दोघी माझ्याकडे येतात, एकीचा दंड दहा आणि कंबर तीस, दुसरीचा दंड नऊ आणि कंबर पस्तीस. काटा दोघींना एकच आकडा सांगतो. पुरुषांचं तर शेजारचे शिंपीकाका सांगतात: पोट वाढतं तशी पँट खाली खाली बांधतात आणि वीस वर्षं म्हणतात, "माझी कंबर चौतीसच." आणि आमच्या बायकांचं नुकसान मला विचाराल तर इलॅस्टिकनं केलं. लेगिंग, नाइटी, इलॅस्टिकची सलवार. काही आवळतच नाही, काही सांगतच नाही. मापानं शिवलेला एक ब्लाऊज महिन्यातून एकदा घालावा, असं मी प्रत्येकीला सांगते. मी स्वतः दर अमावस्येला मशीनला तेल घालते, त्याच दिवशी सकाळी उपाशीपोटी स्वतःला टेप लावते, सिस्टरांनी दाखवलेल्या जागी. एक आकडा, एक तारीख, वहीच्या शेवटच्या पानावर. मग पुढच्या अमावस्येपर्यंत त्याचा विचार नाही.

२०१८ च्या सुमारास निम्मी मिरज डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं सांगणं पाळत होती. दिवसातून दोनदाच जेवा, ५५ मिनिटांत संपवा, साडेचार किलोमीटर चाला. मूळ विचार डॉ. श्रीकांत जिचकारांचा, असं दीक्षित स्वतः सांगतात. त्यातल्या काही जणींचे ब्लाऊज मी खरंच दोन-दोन इंच आत घेतले. मोजायला काही नाही, घड्याळाचा एक नियम, म्हणून ते लोकांना पेललं असं मला वाटतं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कितीतरी जणींचं सुटलं, काहींचं आजही चालू आहे. माझ्या दुकानाच्या वेळेत ते बसलं नाही, पण ज्यांना बसतं त्यांनी खुशाल करावं.

एक गोष्ट मात्र कळकळीनं सांगायची आहे. मालगावच्या एक वहिनी दोन वर्षांपूर्वी आल्या, चेहऱ्यावर आनंद. "ताई, सगळे ब्लाऊज आत घ्या, मी बारीक झाले." मी टेप लावला. चार महिन्यांत कंबर पाच इंच, छाती तीन, आणि दंडावरची कातडी सैल. मी विचारलं, काय केलं? काहीच नाही, म्हणाल्या, जेवण तेवढंच. बोलता बोलता त्यांनी माझ्याकडे दोनदा पाणी मागितलं. मी ब्लाऊज बाजूला ठेवले आणि म्हटलं, "वहिनी, आधी रक्त तपासून या. लॅब समोरच आहे, मी येते सोबत." साखर चारशेच्या वर निघाली. तेव्हापासून माझा नियम आहे: वाढलेल्या मापाबद्दल मी आपणहून कधी बोलत नाही, पण न सांगता उतरलेल्या मापाबद्दल गप्पही बसत नाही. त्या वहिनी आता इन्शुलिन घेतात आणि त्यांना भाकऱ्या मोजाव्याच लागतात, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे. तिथं माझं चिपटं पुरणार नाही.

नवऱ्या मुली येतात आणि म्हणतात, "ताई, दोन इंच लहान शिवा, लग्नापर्यंत मी कमी होईन." मी शिवत नाही. आजच्या अंगाला बरोबर बसेल असाच शिवते आणि आत दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच माया सोडते. ब्लाऊज उलटा करून तिला ती दाखवतेही, म्हणजे तिला कळावं की उद्या अंग भरलं तरी हा ब्लाऊज तिचाच राहणार आहे. परवा एक मुलगी ती शिवण बोटानं चाचपत बराच वेळ उभी होती.

माझा स्वतःचा लग्नातला डाळिंबी ब्लाऊज सासूबाईंनी शिवला होता. २०१८ मध्ये मी तो दोन्ही बाजूंनी उसवला. बाहेरचं कापड पार विटलं होतं, पण आत दडलेली माया नव्यासारखी गडद निघाली, बाजूला दोन पट्टे ओढल्यासारखे दिसत होते. गेल्या अमावस्येला टेप साडेबत्तीसवर आला. मी ब्लाऊज काढला, उजवी बाजू जुन्या सुयांच्या भोकांवरूनच पुन्हा शिवून घेतली. डावीकडचा पट्टा बोटभर बाहेर आहे. तो तसाच ठेवला आहे.